रिकोटा म्हणजे 'आपलं पनीरच' नव्हे!

परवा शनिवारी एका कॅफेत 'रिकोटा टोस्ट' मागवला. कॅफेचं नाव सांगत नाही, कारण चूक एकट्या त्यांची नाही. आलेला टोस्ट असा होता: पावाचा जाड तुकडा, त्यावर कुस्करलेलं पनीर, वर मधाची बारीक धार आणि दोन अक्रोड. पनीर ताजं होतं, चांगलं होतं, पण पनीर होतं. वेटरला विचारलं, "हा रिकोटा कुठून मागवता हो?" तो बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "सर, इथेच करतो. दूध फाडून."

समोर बसलेला मित्र हसला. "अरे, रिकोटा म्हणजे आपलं पनीरच की! इटालियन नाव दिलं की दोनशे रुपये वाढवता येतात, एवढाच काय तो फरक."

मी तेव्हा वाद घातला नाही. तोंडात पनीर होतं. पण वाक्य डोक्यात राहिलं, आणि आज रविवार मोकळा असल्यामुळे ते बाहेर काढतोय.

'अमुक म्हणजे आपलं तमुकच की' ही आपल्या सगळ्यांची लाडकी सवय आहे. रिसोटो म्हणजे आपला गुरगुट्या भात, पोलेंटा म्हणजे मक्याचा सांजा, आणि रिकोटा म्हणजे पनीर. बरेचदा त्यात तथ्यही असतं. शिवाय परक्या गोष्टीची भीती जाते, हा फायदा आहेच. पण कधी कधी या घाईत चुकीचा नातेवाईक पकडला जातो आणि मग त्या पदार्थात शिकण्यासारखं जे होतं तेच हातातून निसटतं. रिकोटाचं नेमकं हेच झालंय असं माझं मत आहे.

तर मंडळी, आधी थोडं केमिस्ट्री. घाबरू नका, बारावीपेक्षा सोपं आहे.

गाईच्या एक लिटर दुधात साधारण ३२-३३ ग्रॅम प्रोटीन असतं. त्याचे ढोबळ दोन गट. जवळपास ८० टक्के केसीन आणि उरलेलं २० टक्के 'व्हे प्रोटीन'. या दोघांचे स्वभाव पूर्ण वेगळे. केसीनला आंबट किंवा रेनेट चालत नाही. दोन्हींपैकी काहीही घातलं की ते गोठतं. पण उष्णतेचं त्याला फारसं काही वाटत नाही, म्हणून तर आपण दूध उकळू शकतो. व्हे प्रोटीन उलटं. रेनेट घाला, त्याला फरक पडत नाही, ते पाण्यात विरघळून मजेत राहतं. पण तापमान सत्तरच्या वर गेलं की त्याच्या गुंडाळ्या उलगडायला लागतात आणि ऐंशी-नव्वद अंशांच्या दरम्यान ते एकमेकांना चिकटून पांढऱ्या कणांच्या रूपात वर येतं. अंड्याचा पांढरा भाग तापल्यावर घट्ट होतो ना, तसंच.

आता इटलीतला चीज करणारा काय करतो ते बघा. तो दूध उकळत नाही. साधारण ३५ अंशांच्या आसपास, म्हणजे अंगाला कोमट लागेल इतपत तापवतो आणि त्यात रेनेट घालतो. केसीन गोठतं, त्याचं चीज होतं. १० लिटर दुधातून सुमारे एक किलो कडक चीज मिळतं आणि नऊएक लिटर हिरवट पिवळं पाणी उरतं. हेच व्हे. ते सगळं २० टक्के व्हे प्रोटीन या पाण्यात तसंच शिल्लक असतं. मग तो हे पाणी पुन्हा चुलीवर चढवतो, वाटल्यास थोडं आंबट घालतो, ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढे नेतो. पृष्ठभागावर ढगासारखे मऊ कण तरंगायला लागतात. ते झाऱ्याने अलगद उचलायचे आणि परडीत निथळत ठेवायचे. हा रिकोटा. इटालियन लोक 'रिकोत्ता' म्हणतात. शब्द लॅटिन 'रेकॉक्टा'वरून आलाय. अर्थ, 'पुन्हा शिजवलेलं'. नावातच अख्खी रेसिपी आहे.

आणि म्हणूनच इटलीत रिकोटाला 'चीज' म्हणतसुद्धा नाहीत! तिथल्या वर्गवारीत तो 'लात्तिचिनो', म्हणजे दुग्धजन्य पदार्थ. दूध गोठवून होतं ते चीज. हा तर चीज झाल्यावर उरलेल्यातून होतो.

आता आपलं पनीर. आपण दूध उकळतो आणि गरम असतानाच लिंबू किंवा व्हिनेगर घालतो. उकळतानाच व्हे प्रोटीन उलगडून केसीनला जाऊन चिकटतं, आणि आंबट पडलं की दोघंही हातात हात घालून गोठतात. म्हणजे पनीरमध्ये दुधातलं जवळजवळ सगळं प्रोटीन एकदमच येतं. मग आपण ते फडक्यात बांधून वजनाखाली दाबतो. एक घाव, दोन तुकडे, काम संपलं. हुशार पद्धत आहे, कमी लेखायचं कारणच नाही. पण पदार्थ वेगळा आहे. पनीरचा कणा केसीनचा, त्यामुळे ते घट्ट आणि चिवट. रिकोटा दाबत नाहीत आणि त्यात जवळपास तीन चतुर्थांश पाणीच असतं, म्हणून तो थरथरता, ओलसर, किंचित गोडसर. (दोन्ही तापवले तरी वितळत नाहीत, एवढं साम्य मान्य.)

हे मला पुस्तक वाचून कळलं असं नाही. आधी तोंडावर आपटलो, मग वाचलं. मागे एकदा घरी दोन लिटर दुधाचं पनीर केलं आणि उरलेलं पाणी बघून अक्कल सुचली, की चला, याचा रिकोटा करू! पाणी चढवलं, थर्मामीटर लावला, नव्वद अंशांपर्यंत नेलं. थोडं व्हिनेगर घातलं. वाट बघितली. आणखी घातलं. आणखी वाट बघितली. शेवटी गाळल्यावर फडक्यात चमचाभर चिखल मिळाला. दोन तास मला वाटत होतं की माझं तापमान चुकलं, आंबटाचं प्रमाण चुकलं. चूक तिथे नव्हतीच. त्या पाण्यात रिकोटा होण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं! जे व्हायचं होतं ते पनीरमध्ये आधीच जाऊन बसलं होतं. आपण प्रोग्रॅम तपासत बसतो आणि इनपुट फाइलच रिकामी असते, त्यातला प्रकार.

चक्क्याच्या पाण्याचंही तेच. विरजण लावायच्या आधी आपण दूध उकळतो, म्हणजे व्हे प्रोटीन आधीच केसीनला चिकटलेलं. थोडक्यात, दूध उकळल्याशिवाय वापरायचं नाही या आपल्या घरच्या नियमामुळे आपल्या स्वयंपाकघरात रिकोटा जन्मालाच येऊ शकत नाही. यात आपला दोष नाही आणि इटलीचा मोठेपणाही नाही. रस्ते वेगळे आहेत, इतकंच.

मग आपल्याकडे रिकोटाचं नातेवाईक कोणीच नाही का? आहे ना. आणि तो पनीरपेक्षा फार जास्त लाडका आहे. खरवस!

विचार करा. खरवस करताना आपण लिंबू पिळतो का? रेनेट घालतो का? नाही. गूळ किंवा साखर, वेलची, जायफळ घालायचं आणि नुसतं वाफवायचं. तरी तो वडीसारखा सेट होतो. नेहमीचं दूध असं वाफवून बघा, दूधच राहील. चीक का गोठतो? कारण गाय-म्हैस व्यायल्यानंतरच्या पहिल्या दुधात व्हे प्रोटीन नेहमीच्या कित्येक पट असतं. वासराला रोगप्रतिकारशक्ती देणारी प्रोटीनं ती हीच. ती उष्णतेने घट्ट होतात आणि दुधाला धरून ठेवतात. म्हणजे ज्या जादूने रिकोटा होतो, त्याच जादूने खरवस होतो. तो मऊ, ओलसर, जिभेवर किंचित रवाळ लागणारा पोत आठवा. चांगला ताजा रिकोटा तोंडात टाकला की मला तरी पनीर आठवत नाही, खरवस आठवतो.

आता यावर मित्राचा प्रश्न ठरलेला आहे: "नावात काय आहे? शेवटी दूधच ना?" त्याला माझं उत्तर असं. चीक मिळत नाही म्हणून हल्ली घरोघरी डबाबंद गोड दूध आणि दही एकत्र करून वाफवतात. लागतं छान. पण तुमच्या आजीसमोर त्याला 'खरवस' म्हणून दाखवा! ती खाईल, कौतुकही करेल, आणि वर म्हणेल, "चांगलं झालंय हो, पण हा खरवस नव्हे." आजीला केमिस्ट्री येत नाही, पण तिला माहीत आहे की 'खरवस' या शब्दात एक व्यायलेली गाय आहे, शेजारच्या घरून आलेला चिकाचा तांब्या आहे, मोजके दिवस आहेत. ते सगळं काढून टाकलं तर वडी उरते, खरवस उरत नाही.

रिकोटा या शब्दातही असंच काहीतरी आहे, आणि ते म्हणजे गरिबी.

हे वाक्य कॅफेच्या मेन्यूकार्डाशी जुळत नाही, ठाऊक आहे. पण खरं आहे. चीज टिकतं, बाजारात जातं, विकलं जातं, पूर्वी त्याचा भाडेपट्टाही भरला जायचा. रिकोटा टिकत नाही. ओला आणि फारसा आंबट नसलेला पदार्थ, दोन-चार दिवसांत खराब. म्हणून चीज मालकाचं आणि बाजाराचं, रिकोटा मेंढपाळाच्या घरचा. दक्षिण इटली आणि सिसिलीत मेंढपाळ सकाळी चीज झाल्यावर त्याच आगीवर व्हे चढवायचे आणि वर आलेला गरम रिकोटा त्यातल्या पाण्यासकट शिळ्या पावावर ओतून खायचे. सिसिलीत आजही लोक हौसेने शेतावर जाऊन तो असा खातात.

होमरच्या 'ओडिसी'मध्ये नवव्या सर्गात एकाक्ष राक्षस पॉलिफीमस मेंढ्या-शेळ्या पिळतो, दूध गोठवून विणलेल्या परड्यांमध्ये भरतो आणि त्याच्या गुहेतली भांडी व्हेने भरलेली असतात. होमर रिकोटाचं नाव घेत नाही. पण परंपरा या राक्षसाची गुहा सिसिलीत मानते, आणि परड्या, मेंढ्या आणि व्हे हे सामान तेव्हापासून बदललेलं नाही. बदललं इतकंच, की परड्या आता बहुतेक प्लास्टिकच्या असतात. बाजारातल्या रिकोटाच्या गोळ्यावर जे जाळीदार वण दिसतात ते त्या परडीचे.

गरिबीचा मुद्दा कोणी सगळ्यात कडवटपणे मांडला असेल तर तो पासोलिनीने. पिएर पाओलो पासोलिनी या दिग्दर्शकाचा 'ला रिकोत्ता' नावाचा १९६३चा छोटा सिनेमा आहे, 'रोगोपाग' या चार दिग्दर्शकांच्या एकत्रित चित्रपटातला एक भाग. रोमच्या बाहेर माळरानावर येशूच्या क्रूसारोहणावर सिनेमाचं शूटिंग चाललंय. दिग्दर्शकाच्या भूमिकेत चक्क ऑर्सन वेल्स. आणि येशूशेजारच्या क्रूसावरच्या सज्जन चोराचं काम करणारा एक एक्स्ट्रा आहे, नाव स्त्राची, म्हणजे 'चिंध्या'. तो स्वतःचं जेवण बायकापोरांना देऊन टाकतो. वेषांतर करून दुसरं मिळवतो, ते नटीचं कुत्रं खातं. मग तो ते कुत्रंच एका पत्रकाराला विकतो, त्या पैशातून पाव आणि रिकोटा घेतो आणि अधाशासारखा खातो. युनिटमधले लोक गंमत म्हणून त्याला आणखी खायला घालतात. शेवटी शॉट सुरू होतो तेव्हा स्त्राची क्रूसावरच मेलेला असतो. या सिनेमासाठी पासोलिनीवर धर्माची विटंबना केल्याचा खटला झाला आणि त्याला चार महिन्यांची शिक्षा सुनावली गेली. पुढे अपिलात तो सुटला.

भुकेल्या माणसाला हातात कुत्र्याचे पैसे पडल्यावर काय घ्यावंसं वाटतं? रिकोटा. स्वस्त, मऊ, पोट भरणारा. पासोलिनीने दुसरं कुठलंही चीज निवडलं असतं तर गोष्ट बिघडली असती.

असो. सिनेमा पुरे, आता खाण्याचं बोलू, कारण रिकोटाचे उपयोग बघितले की लक्षात येतं हा पदार्थ किती कामाचा आहे.

पहिला प्रश्न टिकवायचा. त्याला प्रत्येक प्रांताने आपापलं उत्तर काढलं. सिसिलीत मीठ लावून, दाबून, वाळवून 'रिकोटा सालाता' करतात. तो किसता येतो. कातानिया शहराचा प्रसिद्ध 'पास्ता आला नोर्मा' म्हणजे टोमॅटो, तळलेली वांगी, बेसिल आणि वरून हा खारा रिकोटा. (नाव 'नोर्मा' या ऑपेरावरून पडलं असं म्हणतात. तो रचणारा बेल्लिनी कातानियाचाच, आणि ऑपेरा १८३१चा.) तिथेच भट्टीत भाजून 'इन्फोर्नाता' करतात. उत्तरेला फ्रिउलीमध्ये धुरावतात. आणि पुलियामध्ये तर आंबवत ठेवून 'रिकोटा फोर्ते' करतात. हा इतका उग्र असतो की पावाला अगदी पातळसा फासायचा. कच्चा माल एक, पण मीठ, आग, धूर आणि वेळ अशी चार उत्तरं.

ताज्या रिकोटाचे उपयोग तर विचारू नका. पालक आणि रिकोटा हे सारण भरलेली राव्हियोली सगळ्यांना माहीत आहे. इथे रिकोटा वितळत नाही हाच त्याचा गुण ठरतो, सारण सारणच राहतं. तस्कनीत हेच सारण पास्त्याच्या वेष्टनाशिवाय गोळे करून उकळतात, त्याला 'न्युदी' म्हणतात, म्हणजे सरळ सरळ 'उघडे'! नेपल्समध्ये लझान्यात रिकोटा घालतात. बोलोन्याच्या बाजूला त्याऐवजी बेशामेल, म्हणजे दूध-मैद्याचा पांढरा सॉस. अमेरिकेत जे इटालियन लोक गेले ते मोठ्या संख्येने दक्षिणेतले, म्हणून अमेरिकन लझान्यात रिकोटा आला.

गोडात तर तो राजा आहे. सिसिलीची कान्नोली म्हणजे तळलेल्या खुसखुशीत नळीत मेंढीच्या दुधाचा गोड रिकोटा. रिकोटा आधी रात्रभर निथळवायचा, मग साखर घालून चाळणीतून काढायचा, आणि नळी अगदी खायच्या वेळेलाच भरायची, नाहीतर ती मऊ पडते. आधीपासून भरून ठेवलेली कान्नोली म्हणजे सकाळी पाणी घालून ठेवलेली भेळ. नेपल्समध्ये ईस्टरला 'पास्तिएरा' करतात. शिजवलेले गहू, रिकोटा, अंडी आणि संत्र्याच्या फुलांचं सुगंधी पाणी. गव्हाची खीर आवडणाऱ्या माणसाला ती पहिल्या घासात ओळखीची वाटेल. आणि सगळ्यात मोठा धक्का म्हणजे कसाटा. लग्नाच्या पंगतीत आपल्याला जो तीन रंगी आइस्क्रीमचा तुकडा मिळायचा त्याच्या नावाचा मूळ मालक सिसिलीचा 'कस्साता' आहे. त्यात आइस्क्रीम नसतं. स्पंज केक, बदामाच्या पिठाचं हिरवं वेष्टन, साखरेत मुरवलेली फळं आणि आत गोड रिकोटा! म्हणजे आपण इतकी वर्षं रिकोटाचं नाव न घेता त्याच्या मिठाईचं नाव घेत होतो.

एक सूचना शाकाहारी मंडळींसाठी. आपल्याकडच्या चीजमध्ये साधारणपणे सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरतात. पण इटलीत पेकोरिनो रोमानोसारख्या पारंपरिक चीजला कोकराच्या जठरातलं रेनेट लागतं आणि रिकोटा अशाच चीजच्या व्हेमधून होतो. तेव्हा आयात केलेला डबा घेताना लेबल वाचा.

आता पुन्हा मूळ मुद्द्याकडे. व्हे फेकून का द्यायचं नाही? एक तर त्यात प्रोटीन आहे, हे झालं. दुसरं, ते फेकणं सोपं नाही. त्यात साडेचार-पाच टक्के दुग्धशर्करा असते. ओढ्यात सोडलं की तिच्यावर जिवाणू तुटून पडतात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवून टाकतात. मासे मरतात. घरगुती सांडपाण्याच्या तुलनेत व्हेचा हा भार शंभरपटीहून जास्त असतो. विसाव्या शतकात मोठमोठ्या चीज कारखान्यांनी नद्यांचं काय केलं असेल याची कल्पना करा. मेंढपाळाकडे हा प्रश्न नव्हता. त्याच्या हातात व्हे यायचं त्याचा आधी रिकोटा व्हायचा, रिकोटा काढल्यावर उरलेलं पाणी डुकरांना जायचं. पार्माचं प्रसिद्ध हॅम ज्या डुकरांपासून होतं, त्यांना पार्मेजान चीजचं व्हे पाजायची जुनी रीत आहे. शेवटचा थेंबही कुठेतरी हिशोबात धरलेला.

पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गाळणीचं तंत्र सुधारलं आणि व्हेमधलं प्रोटीन न शिजवता वेगळं करून वाळवता यायला लागलं. त्याचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. जिममधल्या कपाटात काळा डबा आहे ना, झाकणाएवढा चमचा आत असलेला? तेच हे! म्हणजे आपल्यातला एखादा हजारो रुपये देऊन व्हेची पावडर शेकरमध्ये हलवतो आणि त्याच संध्याकाळी कॅफेत बसून म्हणतो, "रिकोटा म्हणजे आपलं पनीरच की." मित्रा, तुझ्या हातातला डबाच रिकोटाचा जास्त जवळचा आहे!

(उलट्या बाजूनेही हवा नको. 'रिकोटा म्हणजे प्रोटीनचा खजिना' असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. त्यात बहुतांश पाणी आहे. वजनाला वजन धरलं तर पनीरमध्ये प्रोटीन सरळ जास्त.)

परवाच्या टोस्टनंतर मी एक गोष्ट केली. ओळखीतला एक जण छोट्या प्रमाणावर मोझरेला करतो. त्याच्याकडून पाच लिटर ताजं व्हे आणलं. तो म्हणाला, "घेऊन जा, तुझेच उपकार." घरी येऊन लगेच तापवलं, कारण व्हे जितका वेळ ठेवाल तितकं आंबट होत जातं. ऐंशीच्या आसपास आधी धुकं धरल्यासारखं झालं, मग कडेने पांढरे ढग वर आले. ढवळलं नाही. पाच मिनिटं थांबून झाऱ्याने उचलले. दीडशे ग्रॅम भरला असेल. गाईच्या शंभर लिटर व्हेमधून जेमतेम पाच किलोच्या आसपास निघतो, त्या मानाने नवशिक्याला बरा. मेंढीच्या दुधात सगळंच दाट, त्यामुळे तिथे उतारा बराच जास्त. मीठसुद्धा न घालता वाटीत घेऊन गरम गरम खाल्ला. घरात सगळ्यांना एकेक चमचा आला. आई म्हणाली, "चिकाची चव आहे रे याला." मी तिला काहीही सांगितलं नव्हतं!

खरं सांगायचं तर गॅसचा हिशोब केला तर हा उद्योग परवडत नाही. दीडशे ग्रॅमसाठी पाच लिटर पाणी तापवायचं. मेंढपाळाला परवडायचं, कारण त्याची चूल चीजसाठी आधीच पेटलेली असायची. म्हणून 'प्रत्येकाने घरी रिकोटा करा' असलं काही मी सांगणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे.

एक, नाव घ्याल तर नीट घ्या. दूध फाडून केलेलं मऊ, न दाबलेलं, ओलसर ठेवलेलं पनीर हा एक उत्तम पदार्थ आहे. अमेरिकेतही 'रिकोटा' म्हणून बऱ्याच घरी अख्ख्या दुधाचं हेच करतात, आणि इटलीतसुद्धा व्हेमध्ये थोडं दूध किंवा साय घालणारे आहेत. रिकोटा मिळत नसेल तर राव्हियोलीत, लझान्यात ते बिनधास्त वापरा. फक्त मळू नका, दाबू नका, कोरडं करू नका. पण मेन्यूकार्डावर त्याला 'मऊ पनीर' म्हणा. त्यात कमीपणा काय आहे? इटलीने रोमच्या आसपासच्या मेंढीच्या रिकोटासाठी २००५ साली आणि कांपानियाच्या म्हशीच्या रिकोटासाठी २०१० साली युरोपीय संघाचं संरक्षित नाव मिळवलं. आपण हापूसच्या नावासाठी भांडतो ना, तसंच. आपल्याला आपल्या नावाची किंमत हवी असेल तर दुसऱ्याच्या नावालाही ती द्यायला हवी.

दोन, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्या कॅफेवाल्यांनी रिकोटाचं नाव घेतलं, किंमत घेतली, अक्रोड घेतले, पण त्यातली सवय घेतली नाही. दूध फाडून 'रिकोटा' केल्यावर उरलेलं पाणी त्या किचनमध्ये कुठे गेलं असेल? सिंकमध्ये. म्हणजे टाकाऊ वाचवण्यासाठी जन्मलेल्या पदार्थाच्या नावाखाली पुन्हा तेच टाकाऊ तयार झालं.

ही सवय आपल्याला परकी आहे का? अजिबात नाही. लोणी कढवल्यावर तळाशी उरलेली बेरी साखर घालून चाटूनपुसून खाणारी माणसं आपण. शिळ्या पोळीचा कुस्करा हा नाश्ता मानणारी. आई घरी पनीर करते तेव्हा ते पाणी पातेल्यात बाजूला ठेवते. त्यात कणीक मळते, पोळ्या मऊ होतात. उरलं तर आमटीत जातं. त्यात आता प्रोटीन फारसं नाही हे मी तिला थर्मामीटर दाखवून पटवलं. ती म्हणाली, "नसू दे. टाकवत नाही." 'टाकवत नाही' या दोन शब्दांत मेंढपाळ येतो, डुकरं येतात, स्त्राचीसुद्धा येतो.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी म्हणालं, की रिकोटा म्हणजे आपलं पनीरच, तर त्याला सांगा: नाही रे बाबा. रिकोटाला मराठीत जवळचं काही शोधायचंच असेल तर पोताने तो खरवस आहे, आणि वृत्तीने पनीरच्या पाण्यात मळलेली कणीक.

बघा पटतंय का. मी चाललो, आईने हाक मारली. पोळ्या झाल्या.